बत्तीस व्होल्ट

कापसीच्या ट्रक दुरुस्तीच्या लाइनीत मिस्त्री म्हटला की तो पुरुषच. देवानं तसं लिहून दिल्यासारखे सगळे वागतात. देव मी मानत नाही, पण लाइनीतले मानतात, त्यामुळे आमच्या दुकानाच्या पाटीवर अठरा वर्षांपासून माझ्या नवऱ्याचं नाव आहे, 'धम्मानंद ऑटो इलेक्ट्रिक'. पाटीच्या मागे, गोणपाटाच्या पडद्याआड, पाटावर बसून अल्टरनेटरचं, म्हणजे गाडीत वीज बनवणाऱ्या यंत्राचं, वाइंडिंग मी करते. जळालेली तार उपसायची, खाचा साफ करायच्या, नवी तार वेढे मोजून भरायची, टोकं ब्लेडनं खरवडून जोडायची, वर वार्निश पाजून वाळवायचं. माझ्या बोटांची टोकं तांब्यानं कापून कापून निबर झाली आहेत. बाहेर धम्मानंद तो अल्टरनेटर गाडीला चढवायचा, ड्रायव्हर त्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि "मस्त काम केलं गा मिस्त्री" म्हणून निघून जायचा.

मला त्याचं काही वाटत नव्हतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. वाटत होतं. पण दुकान आमचं होतं, आणि पडद्याआड का होईना, त्यात माझी जागा होती.

मागच्या मंगळवारी धम्मानंदच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा डोळा दिवाळीनंतर करायचा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत बसायचं नाही. म्हणजे मिस्त्रीकाम बंद. हा माणूस डोळ्याला हिरवी पट्टी लावून खाटेवर पडला आणि तिसऱ्या दिवशी, मला एका शब्दानं न विचारता, शेजारच्या टायरवाल्या गणपतरावाला घरी बोलावून म्हणाला, "घेऊन टाका दुकान. मिस्त्रीच नाई तं दुकान कायले?"

मी चहा घेऊन दारात उभी होते.

"वैनी वाइंडिंग करते ना गा," गणपतराव म्हणाला. त्याला दुकान हवंच होतं, त्याचे टायर रस्त्यावर यायला लागले होते. पण मी समोर दिसल्यावर जरा लाजला असावा.

"तिचंही वाइंडिंग आता पयल्यासारखं नाई राह्यलं," धम्मानंद म्हणाला. "मधुकररावचा ट्रक पाहा ना. दोनदा परत आला."

मी त्याचा कप त्याच्या हातात दिला नाही, फरशीवर ठेवला. म्हटलं, शोध आता एका डोळ्यानं. गणपतरावाला मात्र हातात दिला, पाहुणा होता. जाताना तो म्हणाला, "सोमवारी दुपारी येतो. एकदाचं पक्कं सांगा."

दुकान गेलं की मी कुठे जाणार, हा प्रश्न त्या खोलीत कोणाला पडला नाही. स्वयंपाकघर होतंच ना माझ्यासाठी.

आता मधुकररावाच्या ट्रकचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. मधुकरराव कुहीकडचे, धम्मानंदच्याच गावचे. घरी धानाची शेती आणि एक जुना ट्रक, नाक पुढं आलेला, आता असे रस्त्यावर फारसे दिसत नाहीत. वय झालं तरी ट्रक स्वतः चालवतात. त्यांचे वडील आमच्या सासऱ्यांच्या घरचं पाणी पीत नसत. हे मधुकररावांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. ते मात्र कापसीला आले की पहिल्यांदा माझ्या हातचा चहा मागतात, "जय भीम मिस्त्री" म्हणतात आणि बाकावर मांडी ठोकून बसतात. मी जुनं विसरले नाही. चहा मात्र आल्याचा करून देते.

तर या ट्रकचा अल्टरनेटर मी उन्हाळ्यात भरला होता. नवी तार, नवे वेढे, सगळं माझ्या हातचं. दोन-अडीच महिने गाडी गुमान चालली. मग एक दिवस मधुकरराव फुटलेला बल्ब खिशात घालून आले. हेडलाइट उडत होते. बॅटरीतलं पाणी आटत होतं, झाकणं उघडली की सडक्या अंड्यासारखा वास. कोणीही सांगेल, ओव्हरचार्ज. अल्टरनेटर बॅटरीला पाजत सुटतो, थांबत नाही. दोन बॅटऱ्यांच्या अशा गाडीत इंजिन चालू असताना मीटरवर अठ्ठावीसच्या आसपास व्होल्ट दिसायला पाहिजेत. या ट्रकमध्ये रेस दिली की बत्तीस.

किती पाजायचं हे अल्टरनेटर ठरवत नाही. ते ठरवतो कटआउट, तळहाताएवढी एक डबी. बॉनेट उघडलं की मागच्या पत्र्यावर बोल्टनं कसलेली दिसते. धम्मानंदनं कटआउट बदलला. आठ दिवसांनी ट्रक परत. त्यानं अजून एक नवा कटआउट टाकला. ट्रक पुन्हा परत. मग त्यानं हात झटकले आणि निकाल दिला की वाइंडिंगमध्ये फॉल्ट आहे.

पार्ट बदलणाऱ्यांची ही जात मी लाइनीत ओळखून आहे. फॉल्ट शोधत नाहीत, पार्ट बदलतात. बदलून बदलून गाडी सुधारली तर आपली करामत, नाही सुधारली तर दुसऱ्याचं काम खराब. धम्मानंद पूर्वी असा नव्हता. डोळे धुरकटले तसा तो असा झाला. पण ते मला तेव्हा कळलं नव्हतं, मला फक्त राग येत होता.

सोमवारी सकाळी मी शटर उघडलं आणि पडदा खिळ्यावरून काढून घडी करून ठेवला. अर्ध्या तासात धम्मानंद ऑटोतून उतरला. डोळ्याला पट्टी, वर काळा चष्मा. शटरच्या कुलपात मी ठेवलेली चावी त्यानं आधी काढून खिशात टाकली.

"तुमी कायले आले?" मी विचारलं. "धुळीत बसू नका म्हटलं ना बाईनं?"

"घरी बसून काय करू? पंखा मोजू?" त्यानं खुर्ची ओढली. "आणि गणपतराव येणार आहे."

तेवढ्यात समोरून भकाभका धूर सोडत मधुकररावांचा ट्रक आला. केबिनमध्ये शेजारी त्यांची बायको सुभद्राबाई, मांडीवर डबा घेऊन.

"मिस्त्री!" मधुकरराव खिडकीतूनच ओरडले. "दोन्ही लाइट गेले पुन्हा! आता बॅटरीवर पोळी भाजून घे, इतकी तापली!"

"जय भीम भाऊ," धम्मानंद खुर्चीतून म्हणाला. "मी तं असा बसलो पाहा. दुसऱ्या कोणाकडे न्या."

"नेतो बाप्पा. उद्या कन्हानहून विटा आणायच्या आहे. गावात पाराजवळ पोट्ट्यांच्या वाचनालयाची भिंत थांबून आहे." मधुकरराव उतरले, पट्टी पाहून वरमले. "कसा आहे गा डोळा?"

"मी पाहते गाडी," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मधुकररावांनी मग धम्मानंदकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. हेच मला सहन होत नाही. गाडी त्यांची, हात माझे, आणि परवानगी खुर्चीवर बसलेल्याची.

"वैनी, तुमी वाइंडिंगवाल्या," ते म्हणाले. "हे चढवायचं, खोलायचं..."

"भाऊ, वाइंडिंग खराब असेल तं ते मलेच दिसेल ना. आणि खराब नसेल तं तेही मलेच सांगायचं आहे." मी मीटर उचलला. "बॉनेट उघडा."

धम्मानंद म्हणाला, "सिंधू, उगाच डोस्कं नको लावू वं. खोल, काढ, पुन्हा भर. गणपतराव येईपर्यंत—"

"गणपतराव आला की त्यालेही चहा देईन. आता चूप बसा."

लाइनीत दोन ड्रायव्हर उभे होते, ते हसले. हसू दे.

मी आधी गाडी बंद ठेवून बॅटरीवर मीटर लावला. पंचवीस पॉइंट दोन. ठीक. मधुकररावांना म्हटलं, मारा स्टार्टर. इंजिन धडधडलं, आकडा एकोणतीसवर आला. "द्या रेस." तीस, एकतीस, बत्तीस पॉइंट चार. बॅटरीच्या झाकणाखालून बुडबुड्यांचा आवाज ऐकू यायला लागला, वरणाला उकळी फुटते तसा.

"बंद करा."

आता पहिला प्रश्न माझ्या वाइंडिंगचा. तो मी मुद्दाम सगळ्यांसमोर सोडवला. अल्टरनेटरला एक बारीक तार जाते, फील्डची. कटआउट त्या तारेतून सांगतो, किती वीज बनव. ती तार काढली की अल्टरनेटरला कोणी काही सांगत नाही. तरीही तो उधळला तर दोष आतला, म्हणजे माझा. मी ती तार काढली, उघड्या टोकाला टेप गुंडाळला.

"मारा. आता रेस."

पंचवीस पॉइंट शून्य. मधुकररावांनी पाय दाबून ठेवला, इंजिन बोंबलत होतं, आकडा हलला नाही.

मी मीटर धम्मानंदच्या चांगल्या डोळ्यापुढं नेऊन धरला. तो डोळाही अर्धाच चांगला. त्यानं मान मागं घेतली, पुढं आणली.

"किती?"

"पंचवीस. माझं वाइंडिंग सांगितलं तेवढंच करून राहिलं. सांगणारा येडा-बयाड झाला आहे."

"सांगणारा म्हणजे कटआउट. दोन नवे टाकले मी. दोन्ही नवे खराब?"

लाइनीतले ते दोघे ड्रायव्हर पुढं सरकले होते, आता परत मागं सरकले.

मग मी एक चूक केली. कटआउटला स्विचकडून जी तार येते, तिच्यात कुठेतरी गंज असेल, तिथं व्होल्ट कमी पोचत असतील आणि कटआउटला वाटत असेल की बॅटरी उपाशी आहे, असं मी धरून चालले. डोक्यात बसलं की बसलं. स्टिअरिंगखाली आडवी झाले, फ्यूजची पेटी खोलली, मग गाडीखाली शिरून ती तार अख्खी बदलली. पाऊण तास गेला. पाठीत चमक भरली, केसांत जाळं, तोंडात माती. चालू करून पाहिलं, बत्तीस पॉइंट चार. पॉइंट चारसुद्धा सुटला नव्हता. मी पुन्हा खाली शिरले.

नेमका तेव्हाच गणपतराव आला. हातात मोजायचा टेप. दुपार व्हायच्या आधीच.

"वैनी, गाडीखाली?" तो म्हणाला. "मिस्त्री, हे काय करून राहिले तुमच्या घरचे?"

"तिले विचारा," धम्मानंद म्हणाला.

"चालू द्या, चालू द्या. मी फक्त लांबी-रुंदी घेतो." आणि खरंच तो आत गेला आणि माझ्या पाटापासून भिंतीपर्यंत टेप लावला. माझा पाट पायानं सरकवला. हातानं नाही, पायानं.

मी गाडीखालून पाहिलं. त्याला शिव्या द्यायच्या होत्या, पण तोंडात माती होती. थुंकले, बाहेर आले आणि पाण्याची बाटली घेऊन ट्रकच्या पायरीवर बसले. वर केबिनमध्ये सुभद्राबाई सकाळपासून तशाच बसून होत्या. त्यांनी डबा खाली दिला. आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर.

"खा वं माय. कवाची राबून राहिली."

मी भाकरीचा तुकडा मोडला. तेव्हा मला सुचलं की एक गोष्ट आम्ही कोणीच विचारलेली नाही. पहिल्यांदा ट्रक आला तेव्हा धम्मानंदनं काय होतं ते विचारलं, कधीपासून होतं ते विचारलं नाही. मीही नाही.

"सुभद्राबाई, हे केव्हापासून होऊन राहिलं?"

"पोळ्यापासून," त्या पटकन म्हणाल्या. "पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली नेला, तं रस्त्यातच एक लाइट गेला. मी यायले म्हटलं, दृष्ट लागली."

"ट्रक? पोळ्याले?"

मधुकरराव हसले, थोडे ओशाळले. "बैल विकून आठ वरसं झाले वैनी. पोळ्याच्या दिवशी दावणीकडे पाहवत नाही. मग हा नेतो. बैलानंतर घर यानंच चालवलं ना. यंदा तं लय सजवला. घासला, धुतला, रंगवला. शिंगाले बेगड लावतो ना आपण, तसा चांदीचा रंग दिला. बंपर, बॉनेट, आतूनबी सगळा."

"आतून म्हणजे?"

"म्हणजे सगळा. बॉनेट उघडून. बैल आंघोळ घालताना पोट सोडतो का आपण? आड आलं ते खोलून ब्रश जाईल तिथपर्यंत मारला. दोन हात."

"आमच्या नातीनं, भूमिकानं, नाव टाकायचं म्हटलं होतं, चंद्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "तिचा लय जीव याच्यावर. पुरणपोळी तिनंच ठेवली इंजिनवर."

मी भाकर डब्यात परत ठेवली आणि उठले. कटआउट जिथं कसला होता तो पत्रा सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर होता. चकचकीत. मला वाटलं होतं, धम्मानंदनं नवा कटआउट बसवताना घासून साफ केला असेल. कटआउटची काळी अर्थिंगची तार त्याच पत्र्यावर बोल्टखाली दाबलेली होती. गाडीचा पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो, आणि कटआउट आपलं मोजमाप त्या अर्थिंगवरून घेतो. अर्थिंग नसेल तर तो आंधळा, त्याला बॅटरी कायम रिकामीच दिसते आणि तो सांगत राहतो, अजून पाज, अजून पाज.

"मारा स्टार्टर."

मी मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसवर धरली, दुसरी कटआउटच्या अंगाला टेकवली. दोन्ही जागा एकमेकींना नीट जोडलेल्या असतील तर तिथं शून्य यायला हवं, फार तर शून्याच्या शेजारचं काही. मीटरनं अठ्ठावीस दाखवले.

माझ्या तोंडून शिवी निघाली. ती इथं लिहीत नाही, कारण ती नवऱ्यालाही होती आणि मलाही होती.

कारण मलाच सगळ्यात आधी कळायला हवं होतं. वाइंडिंगची तार रिळावर उघडी दिसते. तांबं चमकतं. पण तिच्यावर वार्निशचा थर असतो, म्हणून तर एका वेढ्याचा करंट दुसऱ्यात जात नाही. टोक खरवडल्याशिवाय ती कशालाच जोडली जात नाही. अठरा वर्षं मी रोज हेच करते, तार हातात घेतली की ब्लेड आपोआप चालतं. आणि समोर चमकणारा पत्रा पाहून मी सकाळपासून त्याला लोखंड समजत होते.

गाडी बंद करून मी कटआउट खोलला. तारेच्या टोकाचं कडं, थिंबल, सोडवलं. खाली रंगाचा जाड थर, त्यावर थिंबलचा गोल ठसा उमटलेला. बोल्टच्या भोकातसुद्धा रंग गेला होता आणि आट्यांत वाळून बसला होता. मी माझं वाइंडिंगचं ब्लेड काढलं. पहिल्या फटक्यात चांदीची साल निघाली. खाली काळपट, खडबडीत, खरं लोखंड. मी पत्रा खरवडला, भोकं खरवडली, बोल्ट तारेच्या ब्रशनं घासले, थिंबल पॉलिशपेपरनं चमकावलं, थोडं ग्रीस लावून सगळं कसून आवळलं.

गणपतराव टेप हातात धरून बाहेर येऊन उभा होता. ते दोघे ड्रायव्हर पुन्हा पुढं आले होते. धम्मानंद खुर्चीतून उठला होता, उठू नको म्हटलं असताना.

"मारा."

आकडा अठ्ठावीसजवळ आला.

"रेस द्या. अजून. दाबून ठेवा पाय."

अठ्ठावीस पॉइंट एक. इंजिन ओरडत होतं आणि आकडा अठ्ठावीस पॉइंट एकवर बसून होता, बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. मी नवे बल्ब घातले, दोन्ही हेडलाइट भर दुपारी लावून ठेवले आणि मधुकररावांना म्हटलं, अर्धा तास असाच चालू राहू द्या. अर्धा तास कोणी गेलं नाही. अर्ध्या तासानं मधुकररावांनी बॅटरीवर तळवा ठेवला, वासराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"कोमट आहे," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून ओरडले, "रंगानं केलं वं हे! दृष्ट नाही, रंग!"

"तुमी मारला," सुभद्राबाई केबिनमधून म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, वरवर मारा."

"कधी म्हटलं?"

"मनात म्हटलं."

लाइन हसली. मीही हसले. दिवसभरात पहिल्यांदाच.

धम्मानंद बॉनेटपाशी येऊन उभा होता. त्यानं चष्मा काढला, पट्टी नसलेला डोळा खरवडलेल्या पत्र्याजवळ नेला आणि बोटानं चाचपून पाहिलं. रंग कुठे संपतो आणि लोखंड कुठे सुरू होतं त्या कडेवरून अंगठा दोन-तीनदा फिरवला.

"मले हे चकचकीत दिसलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन्ही टायमाले. म्हटलं साफ आहे. हातानं पाहाले पाहिजे होतं."

"मलेही चकचकीतच दिसलं," मी म्हटलं. "माझे तं दोन्ही डोळे चांगले आहे."

मी हे त्याला बरं वाटावं म्हणून बोलले नाही, खरं होतं म्हणून बोलले. पण त्याचा चेहरा सैल झाला. मग मी जे बोलायचं होतं ते बोलले, सगळ्यांसमोर, कारण त्यानंही माझ्या वाइंडिंगचा निकाल गणपतरावासमोर दिला होता.

"वाइंडिंग पयल्यासारखं राह्यलं नाही म्हटलं तुमी."

त्यानं चष्मा सदऱ्याला पुसला.

"म्हटलं का नाही?"

"म्हटलं."

"मग आता काय म्हणता?"

समोरून एक कंटेनर गेला, धूळ उडाली, धम्मानंदनं पट्टीवर हात धरला. मग गणपतरावाकडे वळला. "टेप गुंडाळा गणपतराव. दुकान नाही देत."

"पण मिस्त्री, तुमी तं म्हटलं की मिस्त्रीच—"

"मिस्त्री आहे." त्यानं मान माझ्याकडे केली. "दिवसभर पाहून राहिले ना तुमी?"

मी त्याच्या त्या बोलण्यानं हरखून गेले असं कोणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. दुकान देत नाही हे त्यानं ठरवलं, तेही मला न विचारताच. मी हात पुढं केला.

"चावी."

"काहून?"

"शटर सकाळी मी उघडीन. तुमी डोळा बरा झाल्यावर या. दोन्ही बरे झाल्यावर. आल्यावर विचारून काम घ्या."

ड्रायव्हरांपैकी एकानं शिट्टी मारली. धम्मानंदनं खिशातून चावी काढली. हातावर ठेवताना म्हणाला, "कुलूप उजवीकडे जरा दाबून फिरवावं लागते."

"माहीत आहे. अठरा वर्षं पडद्याआडून तेच ऐकून राहिली."

गणपतराव टेप गुंडाळत निघाला होता. त्याला मी थांबवलं आणि म्हटलं, चहा पिऊन जा, पण आधी माझा पाट जागेवर ठेवा, हातानं. त्यानं ठेवला. वाईट माणूस नाही तो, फक्त टायर जास्त झाले आहेत. मधुकररावांना मी सांगितलं की ट्रक दरवर्षी रंगवा, पोळ्यात न्या, चंद्या नाव टाका, पण बॉनेटच्या आत ब्रश घालायचा असेल तर आधी मला फोन करा. त्यांनी माझा नंबर मागितला. पाटीवरचा नंबर धम्मानंदचा आहे. मधुकररावांनी माझा नंबर खडूनं केबिनच्या आत, दरवाज्यावर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच नंबरावर फोन आला, कन्हानवरून. मागं विटा चढवल्याचा आवाज येत होता.

"वैनी, बॅटरीचं पाणी जागच्या जागी आहे. दोन्ही लाइट जळून राहिले."

"दिवसा कायले लावले?"

"पाहाले," ते म्हणाले. "बंद करू का?"

"करा बाप्पा."

मी फोन ठेवला आणि परत पाटावर बसले. पाट आता बाहेर आहे, शटरच्या तोंडाशी, उजेडात. पडद्याच्या गोणपाटाचं मी बॅटऱ्यांखाली अंथरूण केलं. या म्हटलं नसताना धम्मानंद आलाच होता, पण काम विचारून घेऊन आत सावलीत तारेचं रीळ धरून बसला होता. डॉक्टरीणबाईंना मी विचारून घेतलं होतं, रीळ धरायला वाकावं लागत नाही. मी वेढे भरत होते, तो तार सोडत होता. घरी पंखा मोजण्यापेक्षा हे बरं, असं तोच दोनदा म्हणाला.

एक टिप्पर येऊन थांबला. ड्रायव्हर नवा होता, भंडाऱ्याकडचा असावा. खाली उतरून माझ्या डोक्यावरून आत पाहत म्हणाला, "मिस्त्री, चार्जिंगचा लाइट विझून नाही राहिला गा. पाहता का?"

धम्मानंदनं रिळावरून हात न काढता हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

ड्रायव्हरनं खाली पाहिलं. मी ब्लेड बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले.

"केव्हापासून होऊन राहिलं?" मी विचारलं.